दोघं एकाच रंगावर

१

मास्तरांच्या घरी सकाळी आधी चाल व्हायची, मग चहा.

गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. तरी काठी भिंतीला टेकवून, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून मास्तर दिवाणखान्यातल्या फरशीवर वाकायचे, पांढरं बटण शेजारच्या चौकटीवर सरकवायचे आणि सरळ होताना शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायचे. मग पांढऱ्या बटणाकडे बघायचे, काळ्या बटणाकडे बघायचे आणि म्हणायचे, "दोघं एकाच रंगावर. आणा चहा."

फरशी जुन्या पद्धतीची होती, एक चौकट काळी, एक पांढरी. खुर्च्या, टेबल, कपाट सगळं भिंतींना टेकवून ठेवलेलं. मधल्या मोकळ्या मैदानात ही दोन बटणं. कामाला येणारी मावशी लादी पुसताना त्यांच्याभोवती वळसा घालून फडकं फिरवायची आणि पुटपुटायची, "लोकांच्या घरात पोरं लुडबुडतात, इथे बटणं."

मास्तरांच्या लेकीला हे नवं नव्हतं. लहानपणी ती वडिलांच्या तासाला मागच्या बाकावर बसायची आणि फळ्याखाली पडलेले तुकडे वेचायची, म्हणून तिचं नाव पडलं खडू. केसांत पांढऱ्या बटा आल्या तरी ते नाव काही पुसलं गेलं नाही. मास्तरांची पाठलागाची गणितं सगळ्या शाळेत प्रसिद्ध होती. एक जण पुढे निघतो, दुसरा मागून निघतो, सांगा कधी गाठेल? आणि वर्षाच्या शेवटी, पोरं कंटाळली की चोर-शिपायाचं कोडं. काळ्या-पांढऱ्या चौकटींवर एकदा शिपाई चालणार, एकदा चोर. एका वेळी एकच चौकट, तिरकं जायचं नाही, थांबायचं नाही. शिपायाची पाळी असताना दोघं एकाच रंगावर असतील, तर शिपाई चोराला जन्मात पकडणार नाही. कारण त्याला पाऊल टाकायचं तर दुसऱ्या रंगावरच टाकावं लागतं, आणि चोर तर पहिल्या रंगावर बसलेला. अगदी नाकाला नाक भिडवून शेजारी येईल, पण हात काही लागणार नाही.

खडूला वाटायचं, बाबा निवृत्त झाले तरी ते कोडं काही त्यांच्यातून निवृत्त होत नाही. त्याचा तिला रागही होता. ह्या घरातून हा माणूस एक रात्र बाहेर राहत नसे. तिच्या लग्नात अक्षरशः पाहुण्यासारखे आले आणि जेवणाआधीच निघाले. "मला घरी काम आहे," म्हणाले. लेकीच्या लग्नाच्या दिवशी बापाला घरी कसलं काम असतं, हे तिने पुढे कधी विचारलं नाही. विसरलीही नाही.

आता नवऱ्याची बदली परगावी झाली होती. त्याने तिथे मोठी जागा घेतली होती, मास्तरांसाठी खिडकीची खोलीही ठेवली होती. खडू वडिलांना घेऊन यायला म्हणून चार दिवसांसाठी आली, आणि पाय मोडलेल्या खुर्चीसारखी तिथेच अडकली. मास्तर हलायला तयार नव्हते. शेवटी तिने ओळखीच्या फरशीच्या दुकानात पूर्वीची नोकरी पुन्हा धरली आणि नवऱ्याला सांगितलं, "थोडा धीर धरा."

२

आपले वडील फक्त पांढरं बटण हलवतात, हे तिच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

काळ्याला ते हात लावत नसत. तरी संध्याकाळी ती दुकानातून परत आली की काळं बटण एक चौकट सरकलेलं असायचं. कधी दूर, कधी अगदी पांढऱ्याच्या शेजारी, अंगाला अंग लावून बसल्यासारखं.

"काळं कोण हलवतं, बाबा?"

"ज्याचं आहे तो."

तिचा पहिला संशय मावशीवर. म्हाताऱ्याचं मन राखायला बाई हात लावत असेल. तिने आडून विचारलं, तर मावशी उखडली. "ताई, मला बटणं शिवायला वेळ नाही, हलवायला कुठून आणू? आणि खरं सांगू? मी आत भांडी घासत असते तेव्हा बाहेर टक् असा आवाज होतो. मी बघायला जात नाही. आपण भले, आपलं काम भलं."

दुसरा संशय खुद्द मास्तरांवर. वयाने विसरायला होतं, स्वतःच हलवत असतील आणि स्वतःच चकित होत असतील. संशय एकदा घरात शिरला की तो पाहुणा लवकर उठत नाही. एके दिवशी तिने मावशीला सुट्टी दिली, मास्तरांना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, आणि ते रिक्षात बसल्यावर चष्मा विसरल्याचं निमित्त करून वर आली. काळ्या बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून ते फरशीला घट्ट चिकटवलं. कुलूप घातलं. किल्ली तिच्याच मुठीत होती.

परत आल्यावर तिने दार उघडलं आणि चप्पल न काढताच आत गेली. चिकटपट्टी जागच्या जागी होती. चारही कडा फरशीला नीट चिकटलेल्या, मधे बटणाएवढा फुगवटा तसाच. फुगवट्याखाली काही नव्हतं. बटण शेजारच्या चौकटीवर होतं.

मास्तरांनी मागून पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याला चिडवू नकोस."

खडूने स्वतःला समजावलं, की पट्टी ओली असेल, आपण नीट लावली नसेल, दुसरी किल्ली कुणाकडे तरी असेल. शिकल्यासवरल्या माणसाचं हेच असतं, डोळ्यांनी पाहिलेलं पचत नाही तेव्हा तो किल्ल्या मोजत बसतो. पण त्या दिवसापासून ती दिवाणखान्यातून जाताना भिंतीच्या कडेने जाऊ लागली.

३

त्याच सुमारास न्हाणीघराच्या दारासमोरची एक काळी फरशी तडकली आणि मास्तर तिच्यावर अडखळले. पडले नाहीत, पण थोडक्यात वाचले. खडूच्या काळजाचं पाणी झालं. गुडघे आधीच तसे, त्यात हाड मोडलं तर संपलंच.

फरशीच्या दुकानात काम करणारीच्या घरात तुटकी फरशी, म्हणजे दिव्याखाली अंधार. तिने मिस्त्रीला गाठलं. त्या मापाची जुनी काळी फरशी आता मिळत नव्हती. दुकानाच्या मागच्या ढिगात तिला दोन काळे त्रिकोण सापडले, कुणाच्या तरी जिन्यातून उरलेले. एकमेकांना लावले की बरोबर एक चौकोन होत होता.

"तिरका सांधा येईल, ताई," मिस्त्री म्हणाला. "पण काळं सिमेंट भरतो. नखाने शोधलात तरी सापडायचा नाही."

डोळे तपासायला मास्तर मावशीबरोबर गेले होते, त्या सकाळी मिस्त्रीने ते दोन तुकडे बसवून टाकले. काम खरोखर सफाईदार झालं. संध्याकाळी मास्तरांनी काठीने फरशी ठोकून पाहिली, पोकळ वाजली नाही. "छान बसवलीस, खडू," म्हणाले. तिला फार दिवसांनी वडिलांच्या तोंडून शाबासकी मिळाली होती. ती त्या आनंदात झोपली.

४

दोन दिवसांनी सकाळी चाल झाली, चहा आला, आणि खडूला काहीतरी निराळं दिसलं. आदल्या दिवशी काळं बटण पांढऱ्याच्या मागेमागे खिडकीकडे निघालं होतं. आता ते उलट फिरलं होतं.

"बाबा, काळं माघार घेतंय," ती हसून म्हणाली. "पाठलाग करून करून कंटाळलं वाटतं. आता तरी चला माझ्याबरोबर."

"कुठल्या बाजूला चाललंय?"

"न्हाणीघराकडे."

मास्तरांनी ओठाशी नेलेली बशी खाली घेतली. त्यांनी ती जपून टेबलावर ठेवली.

"तिथली फरशी तू बदललीस. एकाच्या जागी एकच बसवलीस ना गं?"

"एकच. म्हणजे दोन अर्ध्या आहेत, पण मिळून एकच."

मास्तर काठी न घेताच उठले आणि भिंत धरत न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले. खाली वाकून त्यांनी नखाने सांधा शोधला. मिस्त्री म्हणाला होता सापडणार नाही, पण त्यांना सापडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे खडूला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"शेवटच्या तासाला मी ते कोडं पुरं करायचो, आठवतं?" ते म्हणाले. "फळ्यावरची एक चौकट पुसून तिचे दोन तुकडे करायचो. मग विचारायचो, आता शिपाई काय करेल? सगळी पोरं त्याला चोराच्या मागे पळवायची. हरायची. मग तू मागच्या बाकावरून काय उत्तर दिलं होतंस?"

खडूला आठवलं. त्या उत्तरावर तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. "शिपाई शहाणा असेल तर आधी चोराकडे पाठ फिरवेल," ती हळूच म्हणाली. "तुकड्यांकडे जाईल. काळ्या तुकड्यावरून काळ्याच तुकड्यावर पाऊल टाकेल. एक पाऊल जास्त पडलं, की रंगाचा हिशोब फिरला."

"आणि मग?"

"मग पकडेल."

स्वयंपाकघरात मावशीने नळ बंद केला. इतका वेळ तो चालू होता हे तेव्हा लक्षात आलं.

५

मिस्त्री फोनवर म्हणाला, "उद्या सकाळी आलोच." मिस्त्रीचा उद्या कसा असतो हे फरशीच्या दुकानातल्या बाईला कुणी सांगायला नको. पण दुसऱ्याला बोलवावं, स्वतः छिन्नी-हातोडा घ्यावा, एवढं अजून तिचं मन मानत नव्हतं. वडिलांच्या भ्रमापायी नवी फरशी फोडायची? लोक काय म्हणतील? ती वाट बघत राहिली. तेवढ्यात तिने एकदा काळं बटण सरळ उचलून परत खिडकीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पाठ वळवली. टक्. बटण पुन्हा पूर्वीच्याच चौकटीवर होतं.

"मी ते नदीत टाकून आलो होतो एकदा," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "माझ्याआधी घरी पोचलं."

चार दिवस झाले तरी मिस्त्री आला नाही, तेव्हा ती दुकानात गेली नाही. तिने घरी एक मोठी चकचकीत नमुन्याची फरशी आणून ठेवली होती, मिस्त्री आलाच तर दाखवायला. ती दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यात आरशासारखं दिसायचं. दुपारी खडू स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत होती. मास्तर आतल्या खोलीत झोपले होते. तिची नजर सहज त्या फरशीकडे गेली.

फरशीत दिवाणखाना दिसत होता, न्हाणीघराचं दार दिसत होतं, आणि दारासमोर कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं. पाठमोरं. मान खाली घातलेली. उजवा कोपर हळूहळू पुढे सरकत होता.

"मावशी," खडू ओरडली, "त्याला हात लावू नका म्हटलं ना!"

"कशाला?" मावशीने विचारलं. ती खडूच्या मागेच होती, ओट्यापाशी, दोन्ही हात साबणात.

टक्.

खडूने वळून दिवाणखान्यात पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. काळं बटण पहिल्या त्रिकोणावर होतं. तिच्या पाचावर धारण बसली. तिने फोन उचलला आणि मिस्त्रीला अशा आवाजात बोलावलं, की तो दुसऱ्या दिवशी खरंच आला. पण तोवर मास्तरांची सकाळची चाल होऊन गेली होती, आणि त्यानंतर थांबायला बटण काही मिस्त्री नव्हतं. तो हत्यारं घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा काळं बटण सांधा ओलांडून दुसऱ्या त्रिकोणावर बसलेलं होतं.

"फोडू का?" मिस्त्रीने विचारलं.

"राहू दे आता," मास्तर म्हणाले. "उशीर झाला. आता एखादे वेळी आपल्यालाच तो रस्ता लागेल."

दुसऱ्या सकाळी चाल झाल्यावर मास्तर नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. दोन बटणं वेगवेगळ्या रंगांवर होती. चहा तसाच निवला.

६

पुढे दिवसागणिक काळं जवळ येत गेलं. ते घाई करत नव्हतं. पांढरं डावीकडे गेलं की तेही थोडं डावीकडे, असं करत त्याने पांढऱ्याला खिडकीच्या कोपऱ्याकडे रेटायला सुरुवात केली. खडू आणि मास्तर गुडघ्याला गुडघा लावून खुर्च्यांत बसायचे आणि वाद घालायचे, शाळेत घालायचे तसा.

"आपणही पांढऱ्याला त्या तुकड्यांवरून नेलं तर हिशोब परत जुळेल."

"जुळेल. पण वाटेत तो आहे."

"मग एक दिवस चालच करायची नाही. तो एक पाऊल टाकेल, आपण टाकायचं नाही. रंग जुळतील."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "आपण चाल केली नाही, तर आपली चालही तोच करतो," ते म्हणाले. "एकदा मी तापाने फणफणलो होतो. चार दिवस शुद्ध नव्हती. तो आमचं बटण रोज उचलून स्वतःकडे घेऊन गेला. शेवटी त्याच्याच चौकटीवर नेऊन ठेवलं." त्यांनी डोळे पुसले. "तुझ्या आईच्या स्वेटरचं होतं ते. मी जागा असतो तर..."

खडूला आई गेली तो आठवडा आठवत होता. सगळे म्हणाले होते, वडिलांचा ताप आईला लागला.

"आणि आई गेल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी इथे हे पांढरं पडलेलं होतं. मी ठेवलं नव्हतं."

खडूने प्रथमच ते पांढरं बटण उचलून उजेडात धरलं. इतकी वर्षं ती समजत होती, की पांढरं म्हणजे बाबा. बटणाच्या कडेला दातांच्या दोन बारीक खुणा होत्या. लहानपणी तिला शाळेच्या फ्रॉकचं वरचं बटण चावायची खोड होती. त्यापायी आईचे धपाटेही खाल्ले होते.

तिने बटण जागेवर ठेवलं. बोटाने नीट मधोमध सरकवलं. मग ती वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. लग्नाच्या दिवशी घरी काय काम होतं, ते तिला आता कळलं होतं. मास्तरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुरे. उद्या दुकानात जा. घरी बसून गणित सुटत नसतं."

"आणखी किती दिवस आहेत, बाबा?"

"आहेत अजून," मास्तर म्हणाले. गणितात त्यांनी कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं, म्हणून तिने विश्वास ठेवला.

७

दुकानात ती गेली खरी, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी चाल मास्तरांनी केली होती, तिने स्वयंपाकघरातून फक्त सुस्कारा ऐकला. डबा भरताना ते तिच्या पर्सपाशी घुटमळत होते. "छत्री घेतलीस का?" असं विचारलं होतं, आणि बाहेर तर कडक ऊन.

गिऱ्हाईक स्नानगृहासाठी फरशी बघायला आलं होतं. माप लिहून घ्यायला खडूने पर्समध्ये पेन शोधलं. बोटांना काहीतरी गुळगुळीत, गार लागलं. तिने ते बाहेर काढलं. काठावर दातांच्या दोन खुणा.

बटण इथे आहे, तर मग तिथे फरशीवर काय आहे?

गिऱ्हाईकाला तसंच सोडून ती धावत सुटली. सगळं आयुष्य ती गणितं ऐकत आली होती, एक पुढे निघतो, दुसरा मागून निघतो. आज मागून निघालेली ती होती. रस्त्यात माणसं होती, वाहनं होती, चौकातला दिवा लाल होता. ती कुणाकुणाला धडकली, तिला आठवत नाही. तिला एवढंच कळत होतं, की पुढे निघालेल्याने हे अंतर नीट मोजूनच ठेवलं असणार.

जिन्यात मावशी बसलेली होती, पदराने घाम पुसत.

"मास्तरांनीच बाहेर काढलं मला," ती म्हणाली. "आधी कात्री मागितली. शर्टाचं बटण सैल झालंय म्हणाले. मी म्हटलं, शिवून देते. तर म्हणाले, शिवायचं नाही, काढायचंय."

दार नुसतं लोटलेलं होतं. खडूने ते ढकललं.

मास्तर फरशीवर बसले होते. ज्यांना नुसतं वाकायलाही खुर्चीची पाठ धरावी लागायची, ते मांडी घालून ताठ बसले होते, खिडकीच्या कोपऱ्यात. शर्टाच्या गळ्याशी बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता. त्यांच्यासमोरच्या चौकटीवर त्यांचं ते खाकी बटण होतं आणि शेजारच्या चौकटीवर काळं. त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. ते वर बघत होते, समोर उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उशिरा आलेल्या पोराला वर्गात घेताना त्यांचा चेहरा व्हायचा, तसा झाला होता.

"या," ते म्हणाले. "बसा."

मग त्यांची नजर हळूहळू खाली आली, समोरचं कुणी गुडघे वाकवून खाली बसावं तशी. कुणाचे तरी गुडघे वाजले. मास्तरांचे नव्हेत, ते हललेसुद्धा नव्हते.

"बाबा!"

टक्.

तिने त्यांना धरलं तेव्हा मान तिच्या खांद्यावर कलंडली. अंग गरम होतं. फरशीवर एकही बटण नव्हतं.

८

नवरा त्याच दिवशी निघून आला. सगळं त्यानेच निस्तरलं, तिला बोटही उचलू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं. मावशी म्हणाली, पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला. खडू कुणाला काही बोलली नाही. तिने फक्त मिस्त्रीला बोलावून ते दोन त्रिकोण उखडून टाकायला लावले. जुन्या मापाची एक अखंड काळी फरशी तिने कुठून कुठून शोधून आणली होती. मिस्त्री म्हणाला, "रिकामं करायचं घर, ताई. आता कशाला?" ती म्हणाली, "बसवा."

दिवाणखाना रिकामाच राहिला. रोज सकाळी ती दारात उभी राहून फरशी बघायची. काळ्या चौकटी, पांढऱ्या चौकटी, बाकी काही नाही. हळूहळू तिला झोप लागायला लागली. सामान बांधून झालं. नवऱ्याने मास्तरांसाठी ठेवलेल्या खोलीत आता तिचं शिवणयंत्र ठेवायचं ठरलं. कित्येक महिन्यांनी दोघं एकमेकांकडे बघून हसली.

निघायच्या सकाळी गाडी खाली येऊन थांबली होती. बॅगा दाराशी होत्या. नवरा आरशासमोर उभा राहून शर्टाशी झटापट करत होता.

"अगं, हे बघ. काल रात्री घडी घालून ठेवला तेव्हा सगळी बटणं होती. वरचं गेलं कुठे?"

खडू चहाचे कप घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

निळं बटण दिवाणखान्याच्या मधोमध पडलं होतं. तुटलेला दोराही त्यात तसाच होता. पलीकडच्या कोपऱ्यात काळं बटण होतं. तिने आधी रंग पाहिले. निळं पांढऱ्या चौकटीवर, काळं काळ्या चौकटीवर. म्हणजे आपली एक चाल झाली, की दोघं एकाच रंगावर.

"सापडलं का?" त्याने विचारलं.

तिने कप खुर्चीवर ठेवले. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून ती खाली वाकली, निळं बटण शेजारच्या काळ्या चौकटीवर सरकवलं आणि उभी राहिली. तिच्या तोंडून सुस्कारा निघाला.

"नाही सापडलं," ती म्हणाली. "अहो, तुम्ही व्हा पुढे. मी मागून येते."

"म्हणजे? गाडी खाली उभी आहे."

"मला घरी जरा काम आहे."

तो बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने ओळखलं, कारण लग्नाच्या दिवशी तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं, आणि ते पुढे कधी गेलं नव्हतं.

"कधी येशील?" त्याने विचारलं.

पाठलागाची सगळी गणितं तिला येत होती. या एकाचं उत्तर तिने दिलं नाही. त्याने बॅग उचलली. चहा न घेताच तो जिना उतरला. ती पावलं ऐकत राहिली, शेवटच्या पायरीपर्यंत. मग ती दिवाणखान्याकडे पाठ करून बसली आणि तिने दोन्ही कप चहा घेतला.